पट्टीवरचा आंकडा

वाण्याच्या दुकानांतून आणलेली साखर घरच्या तराजूवर पुन्हा एकदां तोलून पाहावी, ही आपल्याकडील जुन्या गृहिणींची रीत. तोल कमी भरला कीं दोष वाण्याचा, हा निर्णयहि त्यासरशी ठरलेला असे. परंतु घरच्या तराजूचीं वजनेंच वेगळीं असतील, किंवा जिन्नस पुरा असून तो ठेवण्याचें भांडेंच लहान असेल तर काय, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नसे. संगणकाच्या बाबतींत हाच प्रसंग आज अनेक घरांत घडतो. रॅमच्या, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मरणाच्या, पट्टीवर ३२०० हा आंकडा ठळक छापलेला असतो. पट्टी यंत्रांत बसविली म्हणजे यंत्र मात्र २१३३ असें सांगतें. मधले हजारभर गेले कोठें?

ठाण्यांतील एका छायाचित्रकाराच्या घरीं हा प्रश्न २०१७ सालच्या एप्रिल महिन्यांत उपस्थित झाला. वडिलांनीं तीस वर्षें लग्नसमारंभांचीं छायाचित्रें काढून संसार चालविलेला. मुलगा नुकताच त्याच धंद्यांत शिरलेला आणि चलच्चित्रांचीं कामें घेऊं लागलेला. जुना संगणक थकला होता. त्याच वर्षीं मार्च महिन्याच्या २ तारखेस एएमडी कंपनीचा रायझन हा नवा प्रोसेसर जगभर विक्रीस आला होता आणि त्याची वाहवा चोहोंकडे चालू होती. मुलानें लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानांतून तो प्रोसेसर, त्याजोगा मदरबोर्ड आणि आठ आठ जीबीच्या चार पट्ट्या आणल्या. पट्ट्यांवर ३२०० हा आंकडा होता आणि त्या आंकड्यासाठींच त्यानें २४०० च्या पट्ट्यांहून बरीच अधिक किंमत मोजली होती.

यंत्र जुळलें, चालूं झालें. विंडोजच्या कोष्टकांत वेग दिसला २१३३. मनाची खात्री व्हावी म्हणून त्यानें सीपीयू-झेड हा छोटा प्रोग्रॅम चालविला, तर तेथें १०६६! तीन रुपये घेऊन एक रुपयाचा माल दिला, अशी त्याची समजूत झाली. दुसऱ्या दिवशीं तो तडक दुकानीं गेला आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्यानें दुकानदारास फसवणुकीचा शब्द लावला.

दुकानदार वयस्क होता. तो इतकेंच म्हणाला, "दादा, पट्ट्या घेऊन या. इथें लावून दाखवतों. खोट्या निघाल्या तर चौपट पैसे घेऊन जा."

मुलाचा पहिला घोटाळा केवळ वाचनाचा होता. डीडीआर या नांवाचा अर्थच 'दुहेरी दर' असा आहे. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्यास या जातीची रॅम दोनदां माहिती देते. एकदां ठोका चढतांना व एकदां उतरतांना. ज्या पट्टीवर ३२०० लिहिलेलें असतें तिचें घड्याळ दर सेकंदास १६० कोटी ठोके देतें आणि प्रत्येक तारेवरून ३२० कोटी वेळां माहिती जाते. कांहीं प्रोग्रॅम ठोके मोजतात, कांहीं देवघेव मोजतात. म्हणून १०६६ आणि २१३३ हे दोन आंकडे परस्परविरुद्ध नव्हेत, एकाच वेगाचीं तीं दोन नांवें आहेत. त्यांतून पाकिटावर मेगाहर्ट्झ हा शब्द दोहोंसाठीं सरसकट छापण्याची चाल पडली आहे, तिनें गोंधळ अधिकच वाढविला आहे. हा छापणाऱ्यांचा आळस होय.

तरीहि २१३३ म्हणजे ३२०० नव्हे. उरलेल्या तफावतीचें कारण समजण्यास पट्टीची प्रकृति थोडी जाणून घ्यावी लागते. आज जी रॅम सर्वत्र वापरली जाते तिची कल्पना रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ सालीं आयबीएम कंपनींत सुचली. तिच्यांतील प्रत्येक घर म्हणजे एक अतिसूक्ष्म भांडें. त्यांत विजेचा भार असला तर एक, नसला तर शून्य. पण हीं भांडीं गळकीं असतात. म्हणून साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांच्या आंत प्रत्येक भांडें तपासून पुन्हा भरावें लागतें. म्हणजे भांड्यांतील भार किती हें ओळखणें, तो तारेवरून प्रोसेसरपर्यंत पोंचविणें आणि मधल्या वेळांत गळती भरून काढणें, हीं सर्व कामें ठरलेल्या वेळांत व्हावीं लागतात. वेग वाढविला कीं प्रत्येक कामाची सवड कमी होते. ३२०० च्या वेगांत एका बिटाच्या वांट्यास सेकंदाचा ३२० कोटीवा भाग येतो. तेवढ्या अवधींत पोकळींतील प्रकाशदेखील साडेनऊ सेंटिमीटर जात नाहीं, आणि मदरबोर्डावरील तांब्याच्या रेघेंतून जाणारा संकेत तर त्याच्या सुमारें निम्मेंच अंतर कापतो.

आतां पट्टीची क्षमता ही एकट्या पट्टीची गोष्ट राहत नाहीं हें ध्यानांत येईल. आगगाडीचें इंजिन ताशीं शंभर मैल धांवूं शकतें हें खरें, पण तें खंडाळ्याच्या घाटांत तसें धांवत नाहीं. तेथें रूळ, वळण आणि चढ हे वेग ठरवितात. येथें रूळ म्हणजे मदरबोर्डावरील रेघा, आणि सिग्नलवाला म्हणजे मेमरी कंट्रोलर. हा कंट्रोलर पूर्वी मदरबोर्डावरील वेगळ्या चिपेंत असे; एएमडीनें २००३ सालीं आणि इंटेलनें २००८ सालीं तो आपल्या प्रमुख प्रोसेसरांच्या पोटांत घेतला. त्यामुळें एकाच नांवाच्या दोन प्रोसेसरांतहि एकाचा कंट्रोलर थोडा उजवा, दुसऱ्याचा थोडा डावा, असें घडूं शकतें.

पट्टीवर एक चिमुकली चिप असते, तिला एसपीडी म्हणतात. यंत्र चालूं होतांच बायॉस तिला विचारतो: तूं कोण, तुझा वेग काय? ती प्रथम सांगते तो वेग जेडेक या संस्थेच्या प्रमाणांतला, सर्वांस मानवणारा असतो. ठाण्याच्या पट्ट्यांत तो २१३३ होता. पाकिटावरचा ३२०० हा आंकडा त्याच चिपेंत दुसऱ्या पानावर नोंदलेला असतो. त्या पानास एक्सएमपी असें नांव आहे. ही योजना इंटेलनें २००७ सालीं काढली. हें पान कोणी मुद्दाम उघडल्याशिवाय यंत्र तें वाचीत नाहीं. शिवाय त्यांत विजेचा दाबहि वाढवून मागितलेला असतो. डीडीआर४ चा नेहमीचा दाब १.२ व्होल्ट, तर त्या पानावर बहुधा १.३५ व्होल्ट. थोडक्यांत, पाकिटावरील वेग हें एक आश्वासन आहे खरें, पण तें पट्टीनें स्वतःपुरतें दिलेलें आश्वासन आहे; प्रोसेसरच्या आणि मदरबोर्डाच्या वतीनें बोलण्याचा तिला अधिकार नाहीं.

दुकानदारानें त्या चारी पट्ट्या आपल्याकडील इंटेलच्या एका यंत्रांत लावल्या, एक्सएमपी चालूं केलें, आणि पडद्यावर ३२०० उमटलें. मुलगा ओशाळला, पण मनांतील अढी गेली नाहीं. पट्ट्या खऱ्या असतील तर त्या आपल्या घरींहि तशाच धांवल्या पाहिजेत, असा हट्ट त्यानें धरला आणि येथून पुढें खरा अनर्थ सुरूं झाला.

घरीं येऊन त्यानें बायॉसमध्यें तें पान उघडलें. कांहीं मदरबोर्डांत त्यास एक्सएमपी न म्हणतां डीओसीपी म्हणतात, कांहींत ए-एक्सएमपी. नांवें निराळीं, गोष्ट एकच. यंत्र बंद होऊन चालूं झालें, पडदा काळाच. पुन्हा बंद, पुन्हा चालूं. तीन वेळां असें होऊन तें निमूटपणें २१३३ वर परत आलें. हें यंत्र बिघडल्याचें लक्षण नव्हे. प्रत्येक आरंभीं कंट्रोलर पट्ट्यांशीं आपला ताल जुळवून पाहतो. न जुळल्यास तो सुरक्षित वेगाकडे माघार घेतो. जाणत्यानें येथें थांबून विचार केला असता. मुलानें एक पायरी खालीं, २९३३, करून पाहिली, नाहीं. मग २६६६ केली. यंत्र सुरूं झालें, विंडोज दिसूं लागली, आणि त्यानें स्वतःशींच विजय साजरा केला.

'यंत्र सुरूं होणें' आणि 'यंत्र बिनचूक चालणें' यांतील अंतर येथें सांगणें अगत्याचें आहे, कारण बहुतेक नुकसान याच अंतरांत होतें. घरगुती संगणकांतील साध्या रॅमला आपली चूक ओळखण्याची सोय नसते. मोठ्या सर्व्हर यंत्रांतील पट्ट्यांवर दर ६४ बिटांमागें ८ जादा बिट पडताळणीसाठीं ठेवलेले असतात, त्यामुळें तेथें एखादा बिट फिरला तर तो सुधारतां येतो. घरच्या यंत्रांत तो गुपचूप फिरतो. कोट्यवधि बिटांत एक फिरला तरी बहुधा कांहींच दिसत नाहीं. तो एखाद्या प्रोग्रॅममध्यें सांपडला तर यंत्र निळा पडदा दाखवून बंद पडतें, आणि हें त्यांतल्या त्यांत बरें, कारण दोष उघड होतो. पण तोच बिट एखाद्या फाइलींत सांपडला तर? कॅमेऱ्याच्या कार्डावरून चित्र डिस्कवर जातें तें रॅममधूनच जातें. वाटेंत बिघडलेलें चित्र डिस्कवर बिघडलेलेंच लिहिलें जातें, आणि त्याच्या मागाहून काढलेल्या सर्व प्रती त्या बिघाडाच्याच प्रती होतात.

मे महिन्याच्या आरंभीं डोंबिवलींतील एका लग्नाचीं सुमारें चौदाशें चित्रें त्या यंत्रावर उतरविण्यांत आलीं. आठ दिवसांनीं अल्बमसाठीं निवड करतांना तीन चित्रें विचित्र निघालीं. एकाचा खालचा निम्मा भाग राखाडी; दुसऱ्यांत एका आडव्या रेघेखालीं सारे रंग जांभळट; तिसरें मुळींच उघडेना. त्या तिसऱ्यांत नवरीची आजी होती. आजीस चाकाच्या खुर्चींतून अक्षता टाकण्यापुरतें आणलें होतें आणि लग्नानंतर सहाव्या दिवशीं ती वारली होती. मंडळींचा निरोप सकाळींच आला होता कीं आजीचें चित्र आधीं पाठवा, भिंतीवर लावावयाचें आहे.

मुलगा पांढराफटक पडला. त्यानें प्रथम डिस्कला दोष दिला, मग कॅमेऱ्याला. वडील कांहीं वेळ बोलले नाहींत. त्यांना रॅम ठाऊक नव्हती. पण फिल्मच्या काळापासून त्यांची एक शिस्त होती. अल्बम गिऱ्हाइकाच्या हातीं पडून त्याची पोंच मिळेपर्यंत मूळ निगेटिव्हला हात लावावयाचा नाहीं. आणि कॅमेरा बदलला तरी शिस्त तीच, कार्ड पुसावयाचें नाहीं. त्यांनीं कपाटांतून तें कार्ड काढलें आणि म्हणाले, "त्या जुन्या यंत्रावर उतरव. नव्याला आतां शिवूं नको." जुन्या संगणकावर तीनही चित्रें स्वच्छ उघडलीं. आजीचें चित्र त्याच संध्याकाळीं गेलें.

आतां दोष कोठें हें ठरलें. पण कोणता भाग दोषी हें शोधावयाचें राहिलें होतें, आणि येथें मुलानें पूर्वींची उतावीळ सोडून एका वेळीं एकच गोष्ट बदलण्याचा मार्ग धरला. मेमटेस्ट८६ नांवाचा एक प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरूनच यंत्र सुरूं करतां येतें. विंडोज मध्यें येत नाहीं. तो रॅमच्या प्रत्येक घरांत निरनिराळ्या तऱ्हेच्या खुणा लिहितो व परत वाचतो. सर्व चांचण्यांचीं चार आवर्तनें एकहि चूक न होतां पुरीं झालीं तरच यंत्रावर विश्वास ठेवावा. ३२ जीबीस यासाठीं बहुतेक सबंध रात्र जाते. घाई करणाऱ्यास हा उपाय रुचत नाहीं, पण यापेक्षां कमींत भागत नाहीं.

चारी पट्ट्या २६६६ वर ठेवून पहिल्याच रात्रीं तांबड्या ओळींची रांग लागली. त्या आकड्याला तो भुलला होता! मग प्रत्येक पट्टी एकेकटी लावून २१३३ वर पाहिली, चारीहि निर्दोष. मग दोन पट्ट्या लावल्या. दोन पट्ट्या कोणत्या खांचांत लावावयाच्या याला महत्त्व आहे, आणि पुष्कळ जण येथेंच चुकतात. चार खांचा असल्या तर प्रोसेसरपासून मोजून दुसरी व चौथी, हा बहुतेक मदरबोर्डांचा नियम आहे. रेघ पहिल्या खांचेवरून पुढें दुसरीकडे जाते; शेवटची खांच रिकामी सोडली तर संकेत त्या मोकळ्या टोंकापर्यंत जाऊन, विहिरींत हांक मारल्यावर नाद परत यावा तसा, परततो आणि मागून येणाऱ्या संकेतांत मिसळतो. टोंकाला पट्टी असली म्हणजे हा प्रतिध्वनि बराच शमतो. दुसऱ्या व चौथ्या खांचेंत दोन पट्ट्या २६६६ वर रात्रभर स्वच्छ चालल्या. चार लावल्या कीं चुका परत येत. २४०० वर उतरविलें कीं चारीहि स्वच्छ.

कारण आतां दिसूं लागलें. पट्ट्या वाढल्या कीं त्याच रेघेवरचा बोजा वाढतो, आणि कंट्रोलरची ताकद मर्यादित. हें रहस्य नव्हतें. रायझनच्या त्या पहिल्या पिढीसाठीं एएमडीनें स्वतःच जाहीर केलेली मर्यादा पाहा: एकेरी रचनेच्या दोन पट्ट्यांस २६६६, दुहेरी रचनेच्या दोन पट्ट्यांस २४००, एकेरी चारांस २१३३, आणि दुहेरी चारांस अवघें १८६६. ज्यानें चार पट्ट्या घेतल्या होत्या त्याला कंपनीनें कबूल केलेला वेग २१३३ च होता. म्हणजे पहिल्या दिवशीं यंत्रानें त्याला अगदीं खरें उत्तर दिलें होतें. हा तक्ता विकत घेण्यापूर्वीं वाचावयाचा असतो. मदरबोर्डाचा कारखानदार आपल्याकडे तपासून पाहिलेल्या पट्ट्यांची यादी देतो, तीहि वाचावयाची असते, आणि त्या यादींतहि दोन खांचांसाठीं व चार खांचांसाठीं निराळे रकाने असतात.

तरी त्या वर्षीं तक्रारी एकट्या ठाण्यांतून आल्या नाहींत. नवा प्रोसेसर आणि कच्चा बायॉस यांमुळें जगभर हीच ओरड होती. २०१७ च्या मे महिन्यांत एएमडीनें एजेसा १.०.०.६ ही आपली मूळ प्रणाली मदरबोर्डांच्या कारखानदारांस दिली. तिच्यांत रॅमच्या २६ नव्या बारीक जुळण्या खुल्या करण्यांत आल्या आणि वेगाच्या पायऱ्याहि वाढल्या. ती ज्या बायॉसमध्यें आली तो बायॉस घातल्यावर अनेकांचीं यंत्रें वेगावर आलीं. म्हणून पट्टीला नांवें ठेवण्यापूर्वीं बायॉस नवा आहे कीं नाहीं हें पाहणें शहाणपणाचें. मात्र तो बदलतांना मध्येंच वीज गेली तर साधा मदरबोर्ड कायमचा आंधळा होऊं शकतो. ऐन पावसाळ्यांत, यूपीएस नसतांना, हें काम हातीं घेऊं नये. ठाण्याच्या मुलानें तें शेजाऱ्याचा यूपीएस आणून जूनमध्यें केलें. त्यानंतर चार पट्ट्या २६६६ वर दोन रात्री चालल्या, एकहि चूक न होतां. ३२०० वर त्या चारांनीं शेवटपर्यंत दाद दिली नाहीं.

यांत त्याचा तोटा किती झाला? वेगाचा आंकडा एकटा पाहूं नये; पट्टीवर त्याच्याशेजारीं सीएल म्हणून दुसरा आंकडा असतो, तो विलंबाचा. ३२०० ला सीएल १६ असेल तर पहिलें उत्तर १० नॅनोसेकंदांत येतें. २१३३ ला सीएल १५ असेल तर सुमारें १४ नॅनोसेकंद लागतात. रायझनच्या त्या पिढींत प्रोसेसरच्या आंतील दळणवळणहि रॅमच्या घड्याळावर चालत असे, म्हणून तेथें फरक कांहींसा अधिक जाणवे, विशेषतः खेळांत. छायाचित्रें निवडणें आणि रंग सुधारणें यांत तो हाताला लागण्याजोगा नव्हता.

यानंतर काळ पुढें गेला, डीडीआर५ आली. तिचें प्रमाण जेडेकनें २०२० च्या जुलैंत प्रसिद्ध केलें. एएमडीनेंहि २०२२ सालीं एक्स्पो नांवाचें आपलें स्वतंत्र पान काढलें. आंकडे वाढले, गोष्ट फारशी बदलली नाहीं. रायझन ७००० या पिढीस दोन पट्ट्यांसाठीं ५२०० कबूल केलेले आहेत, आणि चार लावल्या तर ३६००. कोणी ६००० च्या दोन पट्ट्या आज घेतो, वर्षानें तशाच आणखी दोन आणतो, आणि यंत्र सुरूं होत नाहीं म्हणून हवालदिल होतो. एकाच नांवाच्या पट्ट्यांतहि आंतील चिपा वेगळ्या असूं शकतात. एका पाकिटांतील जोडीच एकत्र तपासलेली असते. दुसरें, डीडीआर५ चें यंत्र पहिल्यांदां सुरूं करतांना ताल जुळविण्यास कित्येक मिनिटें घेतें आणि तोंवर पडदा काळा राहतो. अधीर मनुष्य तेवढ्यांत बटण दाबून तें बंद करतो. इंटेलच्या बाजूस तर काहीं स्वस्त मदरबोर्डांत वेगाला कुलूपच असे; बी४६० या चिपसेटवर कितीहि महाग पट्टी लावली तरी प्रोसेसरच्या जाहीर मर्यादेपलीकडे, म्हणजे २६६६ किंवा २९३३ च्या वर, ती जात नव्हती. २०२१ च्या बी५६० नें तें कुलूप काढलें. लॅपटॉपांत बहुधा हें पान उघडण्याची सोयच नसते, तेथें शोध घेणें व्यर्थ.

जून महिन्याच्या अखेरीस मुलगा पुन्हा लॅमिंग्टन रोडला गेला. निमित्त पेनड्राइव्हचें होतें. दुकानांत तीन गिऱ्हाइकें उभीं होतीं. तीं जाण्याची वाट न पाहतां तो म्हणाला, "शेठ, त्या दिवशीं मीं तुम्हांला भलतेंच बोललों. पट्ट्या खऱ्या आहेत." दुकानदारानें मान हलविली आणि विचारलें, "चार लावून कितीवर चालतात?"

"दोन हजार सहाशें सहासष्ट. नव्या बायॉसवर. दोन रात्री तपासल्या."

दुकानदारानें गल्ल्याखालून एक लांबट वही काढली. तिच्यांत एका रकान्यांत मदरबोर्डाचें नांव, दुसऱ्यांत पट्टीचें, तिसऱ्यांत पट्ट्या किती, आणि चौथ्यांत वेग, अशा ओळी होत्या. कांहीं वेग खोडून खालीं नवे लिहिलेले. त्यानें बायॉसचा क्रमांक विचारून घेतला, ओळ पुरी केली, आणि पेनड्राइव्हचे पैसे मोजून घेतले.